अठ्ठावीसशे वेढे

विश्रांतवाडी,
सोमवार, १ सप्टेंबर २०२५

दादा,

जयभीम. त्याच्या आधी 'सप्रेम' लिहायचं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. पत्र संपेपर्यंत बघू.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते बाजूला ठेवणार आणि दहा मिनिटांनी फोडणार, हे मला ठाऊक आहे. बंद पाकीट आणि बंद रेडिओ, दोन्ही तुला नुसते बघवत नाहीत. म्हणून तर पोस्टानं लिहितेय. फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या खुणा येतात आणि पुढं सामसूम. पोस्टातली मुलगी पत्ता वाचून म्हणाली, "मावशी, वारज्याला पत्र? एवढ्या वेळात बसनं जाऊन याल की!" म्हटलं, बाई गं, अकरा वर्षं झाली, ती बस काही मिळत नाही.

दोन बातम्या आहेत. पहिली म्हणजे माझी लेक, आपली मैत्री, आकाशवाणीच्या लोकगीतांच्या परीक्षेत पास झाली. दिवसभर कंपनीत कॉम्प्युटर बडवते आणि संध्याकाळी आजीजवळ बसून जात्यावरच्या ओव्या शिकते, हे तुला आईनं सांगितलंच असेल. आईच्याच ओव्या गायली ती. रेकॉर्डिंग पुढच्या महिन्यात आहे, आणि रविवारी ९ नोव्हेंबरला सकाळी दहा वाजता पुणे केंद्रावरून लागणार.

आईला सांगितलं तर म्हणाली, "ह्यांच्या रेडिओवर लावा." मैत्री म्हणाली, "आजी, अ‍ॅपवर लाइव्ह येतं, मी ब्लूटूथ स्पीकर आणते ना." आणलाही. आईनं दोन मिनिटं कानाशी धरला आणि परत दिला. "ह्यात माणूस बोलतंय असं वाटत न्हाई. डब्यात माशी अडकल्यागत हाय." अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईपुढं काय बोलणार?

बाबांच्या रेडिओला स्टेशन अजून लागतं रे. पण आवाज तसाच, २०१४ मध्ये होता तेवढाच, कान लावून ऐकावा लागेल असा. आईला तर तोही नाही.

म्हणून दुसरी बातमी. मी अ‍ॅम्प्लिफायर बांधतेय. व्हॉल्व्हचा, जुन्या रेडिओतल्या त्या काचेच्या दिव्यांचा. तुझाच आराखडा. चौकटीच्या वहीतला, तू तेव्हा काढलेला. वही माझ्याकडेच राहिली होती, तू शोधत असशील तर.

भांडण उकरून काढत नाही. पण तू ते तुझ्या पद्धतीनं आठवत असणार, म्हणून माझ्या बाजूनं एकदाच लिहून ठेवते. बुद्धपौर्णिमा होती. अख्खी गल्ली अंगणात बसली होती. अ‍ॅम्प्लिफायर तू बांधला होतास, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर मी गुंडाळला होता, तारेचे अठ्ठावीसशे वेढे घालून. तू बटण दाबलंस आणि ते जे काही किंचाळलं! कुत्री पळाली, शेजारच्या बापूरावांच्या हातून खिरीची वाटी पडली. आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, "कारखान्यातल्या बाया गप्पा मारत गुंडाळतात. वेढे मोजतंय कोण?"

सव्वीस वर्षं भोसरीच्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मर गुंडाळले मी, दादा.

मग मीही म्हणाले, "तुझं रेडिओचं दुकान उगाच नाही बंद पडलं." गल्ली हसली. तू अ‍ॅम्प्लिफायर उचललास आणि गेलास. तेव्हापासून आपलं हे! दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी दहा ते एक तू आईला भेटायला येणार आणि मी घराबाहेर असणार. तुझ्या मुलानं, प्रज्ञेशनं लावून दिलेलं वेळापत्रक, ऑफिसात मीटिंग लावतात तसं. मी परत येते तेव्हा तुझा चहाचा कप धुऊन पालथा घातलेला असतो.

बरं, त्याचा एक फायदा झाला. दर वेळी मंडईत किती फिरणार, म्हणून मी जुन्या बाजारात जायला लागले. तिथंच व्हॉल्व्ह दिसले. म्हणजे हे सगळं तुझ्यामुळंच सुरू झालंय.

सप्रेम अजून नाही.

ललिता


मंगळवार, १६ सप्टेंबर २०२५

दादा,

जयभीम.

परवा, रविवारी तू येऊन गेलास. मी कोपऱ्यातल्या टेबलावर अ‍ॅम्प्लिफायरची चॅसी, पत्र्याचा नुसता सांगाडा, कापडानं झाकून ठेवली होती. कापडाची घडी मी चौकोनी घालते. परत आले तर त्रिकोणी!

आईला विचारलं, "दादा इथं आला होता का?" तर म्हणते, "मला काय दिसतंय?" बहिरी आहे ती, आंधळी नाही. आत्ता परवा डाळीतला खडा तिनं चष्म्याशिवाय काढला. पण लेकाची बाजू घ्यायची म्हटलं की हिला मोतीबिंदू होतो.

कापड काढून बघते तर पॉवरचा ट्रान्सफॉर्मर काटकोनात फिरवलेला. चार नवीन भोकं पाडून, नवे स्क्रू घालून! आता मला सांग, माणूस आईला भेटायला येताना खिशात ड्रिल घेऊन येतो का?

खूप चिडले. लोकांच्या घरात जाऊन लोकांच्या वस्तूंना हात लावायचा, तोही न विचारता. तुझी ही सवय लहानपणापासूनची. माझ्या पाटीवरची गणितं तू पुसून नीट करून ठेवायचास आणि बाईंना वाटायचं मी नक्कल केली.

पण चहा पिता पिता डोकं शांत झालं. दोन ट्रान्सफॉर्मर एकाच दिशेला ठेवले असते तर एकाची घरघर दुसऱ्यात उतरली असती. मला कळायला हवं होतं, आयुष्य त्यातच गेलं. मी फक्त गुंडाळायचे, ते पुढं कुठं बसतात हे आम्हाला कधी दाखवलंच नाही कुणी.

तेव्हा, बरं केलंस. एकदाच म्हणतेय.

तू काळजी करत असशील तर सांगते, आत तीनशे व्होल्ट खेळतात हे मला माहीत आहे. चालू असताना मोजायचं तर डावा हात खिशात, हे तूच शिकवलेलं. साडीला खिसा नसतो, म्हणून मी डावा हात पदरासकट कमरेला खोचते. मैत्री म्हणते, "आई, तू भांडायला निघाल्यासारखी दिसतेस." तिनं फोटो काढून तिच्या ग्रुपवर टाकला. तीनशे लोकांना आवडला म्हणे. व्होल्टला एक!

पुढच्या आठवड्यात गुंडाळायला बसणार. आउटपुट ट्रान्सफॉर्मर विकत आणणार नाही. का, ते तुला कळेल.

ललिता


मंगळवार, ३० सप्टेंबर २०२५

दादा,

जयभीम.

ती मोठी आगपेटी मिळाली. कापडाखाली ठेवलेली, आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन व्हॉल्व्ह आणि पेटीवरच्या कागदावर तुझ्या अक्षरात एकच शब्द, "तपासलेले". अकरा वर्षांत तू मला उद्देशून लिहिलेला पहिला शब्द. मैत्रीनं तो आगपेटीचा कागद फ्रिजवर चिकटवलाय. तू येशील तेव्हा काढून ठेवू, लाजू नकोस.

माझे जुन्या बाजारातले व्हॉल्व्ह बाद आहेत, हे तुला नुसतं बघून कळलं? की घरी नेऊन तपासून त्यांच्या जागी हे ठेवलेस? एका रविवारी माझे नेलेस आणि पुढच्या खेपेला हे आणलेस, असंच असणार. मधले पंधरा दिवस मी दोन रिकाम्या खोबणींकडं बघत बसले होते आणि मैत्रीला ओरडत होते की तूच कुठंतरी ठेवलेस. पोरीची माफी मागावी लागली मला.

आता खरी गोष्ट. गुंडाळून झाला!

कारखान्यातली माझी मैत्रीण दुर्गाबाई आठवते ना, धानोरीची? कारखाना बंद झाला तेव्हा तिनं हातानं फिरवायचं एक जुनं मशीन मागून घेतलं होतं. तुझा तेव्हाचा ट्रान्सफॉर्मरही त्यावरच गुंडाळलेला, आणि त्यानंतरची अकरा वर्षं त्यावर तुळस ठेवलेली. तुळस उतरवली, तेल घातलं, आणि काय सांगू, मूठ हातात आली आणि मी पुन्हा तीस वर्षांची झाले. बोटांना सगळं आठवत होतं. केसाएवढी तार, जराशी ओढ जास्त झाली की तुटते, कमी झाली की सैल बसते. डोकं काही करतच नाही तिथं, सगळं अंगठा करतो.

तुला आमची मोजायची पद्धत कधी सांगितलीच नाही. तू विचारली नाहीस, आणि नंतर तर विचारण्यापलीकडंच गेलास. मशीनवरचा आकडा घसरतो, म्हणून त्याच्यावर कुणी विसंबायचं नाही. दर शंभर वेढ्यांना एक चिंचोका वाटीत टाकायचा. आणि गुंडाळणाऱ्या बाईशी कुणी बोलायचं नाही. बोललं तर ती उत्तर म्हणून आकडाच सांगणार. साहेब येऊन म्हणायचे, "ललिताबाई, रजेचा अर्ज कुठाय?" मी म्हणायचे, "चौदाशे बारा." साहेब गुपचूप जायचे. आम्ही गप्पा मारायचो दादा, पण जेवणाच्या सुट्टीत.

परवाही तसंच. मैत्री म्हणाली, "आई, चहा ठेवू?" म्हटलं, "सहाशे चाळीस." आईला ऐकू येत नाही म्हणून तिला दोनदा ओरडून सांगावं लागलं, "आई, नऊशे तीन! नऊशे तीन!" ती म्हणाली, "बया, एवढा भाव?"

दोन दिवसांत अठ्ठावीसशे. वाटीत अठ्ठावीस चिंचोके. मग त्यावर स्पीकरकडं जाणाऱ्या जाड तारेची गुंडाळी, मग पिवळा कागद, आणि शेवटच्या थराखाली चिठ्ठी. प्रत्येक बाई आपल्या बिल्ल्याचा नंबर लिहून चिठ्ठी आत ठेवायची. माल परत आला तर उकलून बघायचे कुणाचा ते. माझा सत्तेचाळीस. सव्वीस वर्षांत सत्तेचाळीस नंबरची चिठ्ठी एकदाही उकलली गेली नाही. हे मी तुला त्या दिवशी अंगणात सांगणार होते, पण तोंडातून तुझं दुकान निघालं.

ते मी बोलायला नको होतं. दुकान तुझ्या हातामुळं बंद पडलं नाही, लोकांनी रेडिओ घ्यायचेच बंद केले.

आता पुढचं जोडकाम. बघ, मी आता 'सप्रेम'च्या बऱ्याच जवळ आलेय.

ललिता


सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५

दादा,

जयभीम. हे पत्र लांबणार आहे, चहा घेऊन बस.

गुरुवारी जोडकाम संपलं. तुझ्या वहीप्रमाणं एकेक तार, एकेक डाख. सगळे डाख चकचकीत, एकही कोरडा नाही, तू बोटानं हलवून बघितलेस तरी हलायचा नाही. मैत्री घरून काम करत होती, ती कानातले इअरफोन काढून येऊन बसली. आईला खुर्ची दिली. बटण दाबलं. व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागतं. आत हळूहळू लाल उजेड आला. इतकं छान दिसत होतं!

आणि मग ते किंचाळलं.

तेच. अगदी तेच रे, अंगणातलं. आईलासुद्धा ऐकू आलं. ती म्हणाली, "कुकर उतरवा गं कुणीतरी."

मी बंद केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. तुला म्हणून सांगते, मैत्रीलाही सांगितलं नाही. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की दादानं उलटसुलट जोडलं म्हणून ते ओरडलं. पण आत कुठंतरी एक भीती बसलेली होती. तुझंच खरं असेल तर? कदाचित तेव्हा माझे वेढे खरंच चुकले असतील. तू बांधलास तेव्हा ओरडला, मी बांधला तेव्हाही ओरडला. दोन्ही वेळेला सारखं काय होतं? माझं गुंडाळणं.

मैत्रीचे बाबा गेले तेव्हा तू आला होतास. दारात हात जोडून उभा होतास आणि मी उठून आतल्या खोलीत गेले. कशाच्या जोरावर? अठ्ठावीसशे बरोबर होते, या जोरावर. आणि ते बरोबर नव्हतेच, असं निघालं तर मी काय करू? शुक्रवार-शनिवार मला जेवण गेलं नाही.

रविवारी मी काहीच झाकलं नाही. तशीच उघडी चॅसी टेबलावर टाकून जुन्या बाजारात गेले आणि एका दगडावर बसून राहिले. व्हॉल्व्हवाला म्हणाला, "आज काही नको का, ताई?" मी मान हलवली.

परत आले तर तुझी चिठ्ठी. दोन ओळी. "लाल टोक शेवटाचं धरून जोडलंय, वहीप्रमाणं. सगळं बरोबर आहे. मग ओरडतं का?"

मी ती उभ्या उभ्या चार वेळा वाचली. पहिल्यांदा आनंद झाला तो प्रश्नचिन्हाचा. तू, मला, विचारतोयस! आणि मग मी पुन्हा पहिल्या ओळीवर आले. लाल टोक शेवटाचं?

दादा, आमच्या कारखान्यात लाल म्हणजे सुरुवात.

तारेचा पहिला वेढा घालायच्या आधी टोकावर लाल प्लॅस्टिकची नळी चढवायची, ही पहिल्या दिवसापासूनची शिकवण. इतकी अंगात मुरलेली की मी लाल चढवली हे मला आठवतसुद्धा नाही. आणि तुमच्या दुकानदारीत, काम संपल्यावर शेवटच्या टोकाला लाल नळी चढवतात, हो ना? तुझ्या वहीत लिहिलंय, 'लाल, शेवट'. मी आंधळेपणानं वहीप्रमाणं जोडलं. तूही तेव्हा तेच केलंस.

तूच एकदा समजावलं होतंस, की अ‍ॅम्प्लिफायरच्या शेवटाकडून आवाजाचा एक बारीक धागा परत सुरुवातीला आणून द्यायचा असतो. म्हणजे त्याला स्वतःची चूक ऐकू येते आणि तो ती कमी करतो. पण तो धागा उलटा जोडला तर चूक कमी व्हायच्या ऐवजी चढत जाते, आणि शेवटी किंचाळते. लाल टोक उलट, म्हणजे धागा उलटा. एवढंच. अकरा वर्षं, आणि एवढंच! मी एकटीच टेबलापाशी हसत सुटले. आई विचारतेय काय झालं, मला बोलता येईना. तुझा डाख बरोबर, माझे वेढे बरोबर. नळीचा रंग कुणी कुणाला सांगितला नाही.

आता ऐक. मी त्या दोन तारांचे डाख सोडवलेत. उलट करून जोडायला मला दोन मिनिटं लागतील. पण मी जोडणार नाही. दोन्ही तारा लोंबकळत ठेवल्यात. त्या तू जोडायच्या.

९ नोव्हेंबर हा दुसरा रविवार आहे. तुझा. मैत्री दहाला लागणार. वेळापत्रकाप्रमाणं मी त्या वेळी घराबाहेर असायला हवी. मी जाणार नाही, आत्ताच सांगून ठेवते. माझी लेक रेडिओवर गाणार आणि मी जुन्या बाजारात दगडावर बसणार, असं होणार नाही. तू यायचं तर मी घरात असताना यायचं. नाही आलास, तर तारा तशाच लोंबतील आणि आई नातीचा आवाज ऐकणार नाही. तिनं अ‍ॅपवर ऐकायला साफ नकार दिलाय.

ही धमकी आहे. विनंती आहे असंही समज, तुला जे सोपं जाईल ते.

ललिता


सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५

दादा,

काल तू येऊन गेलास. तारा तशाच आहेत. कापडाची घडी माझी, चौकोनी. चिठ्ठी नाही, स्क्रू नाही, आगपेटी नाही.

आईला विचारलं, काही बोलला का. म्हणाली, "बसला हुता. तुझ्या टेबलाकडं बघत हुता." किती वेळ? "लई वेळ." आणि मग? "मग कप धुतला न् गेला."

माझं काही चुकलं का? नळीबद्दल मी हसले असं लिहिलं, ते तुला लागलं का? मी तुला हसले नाही रे. आपल्याला हसले.

आई म्हणते, "दोघं असाल तर ऐकीन, न्हाईतर न्हाई ऐकत." आता तिनंही अट घातलीय. आपल्या घरात सगळेच कसे असे निघाले?

तेरा दिवस राहिले. ये.

ललिता


सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम. बघ, या वेळी आधीच लिहिलं.

कालचं सगळं तू बघितलंस, तरी लिहितेय. कारण तू सगळं मोजून वहीत ठेवतोस आणि महत्त्वाचं नेमकं गाळतोस.

साडेआठला बेल वाजली. मला वाटलं दूधवाला. दार उघडलं तर तू. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात ती जुनी अवजारांची पिशवी. तू घड्याळ बघितलंस, माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालास, "आज जुना बाजार बंद आहे का?"

अकरा वर्षांनी हे पहिलं वाक्य! प्रज्ञेश मागं उभा होता, त्यानं कपाळाला हात लावला.

मी म्हटलं, "माझ्यापुरता बंद आहे." तू "हं" म्हणालास आणि चप्पल काढून सरळ टेबलापाशी गेलास. मैत्री नंतर मला म्हणते, "आई, हे तुमचं रीयुनियन होतं? सीरियसली?" तिला काय सांगणार, आपल्याकडं एवढं म्हणजे पुष्कळच झालं.

"लाल कुठलं?"

"सुरुवात."

"आमच्यात शेवट."

"माहितीये."

मग तू चष्मा लावलास. मी पकडीनं तार धरून उभी राहिले, आणि तू डाख दिलास. पहिला. मग दुसरा. तू फुंकर मारलीस. डाख निवताना फुंकर मारायची नाही, असं मला शंभरदा सांगणारा तू!

बटण दाबायला तू मला सांगितलंस आणि मी तुला. शेवटी आईच उठली, काठी टेकत आली आणि तिनं दाबलं. ते अर्धं मिनिट मला त्या अकरा वर्षांएवढं वाटलं. तू व्हॉल्व्हकडं बघत होतास, मी तुझ्याकडं. उजेड आला. आणि काहीच नाही. किंचाळणं नाही, घरघर नाही. तुझा चेहरा पडला, तुला वाटलं बंदच पडलं. मग मी रेडिओचा कान पिळला आणि घरभर बातम्या! कसला भरदार आवाज रे, बाबा दाराशी उभं राहून बोलायचे तसा. शेजारून बापूराव खिडकीत आले आणि ओरडले, "ललिताबाई, या वेळी वाटी खाली ठेवून ऐकतोय!"

दहा वाजले. मैत्री तोंडावर ओढणी घेऊन कोपऱ्यात. निवेदिकेनं नाव घेतलं, आणि मग आपल्या आईच्या ओव्या, आपल्या बाबांच्या रेडिओतून. आई हातांनी जातं फिरवल्यासारखं करत होती. पुढची ओवी मैत्रीच्या आधी तिच्या ओठांवर यायची. म्हणजे तिला ऐकू येत होतं, दादा. शब्दन् शब्द ऐकू येत होता. तिनं एका हातानं तुझा हात धरला होता, एका हातानं माझा, आणि दळण काही थांबेना, म्हणून आपण दोघंही फिरत होतो. संपल्यावर म्हणाली, "गोड गायली पोर. पर तिसरीला घाई केली. पीठ जाडं आलं असतं."

मी हसता हसता रडले. तूही. चष्मा पुसायचं नाटक करू नकोस, काच कोरडी होती.

हे सगळं झालं ते झालं. पण त्यानंतरचं मला लिहायचंय.

जेवायला बसलो तेव्हा तू पाकीट काढलंस. त्यातून प्लॅस्टिकची छोटी पिशवी, आणि पिशवीतून एक पिवळा पडलेला कागदाचा तुकडा. माझ्या अक्षरात, ४७. मी उलटा केला. मागं पेन्सिलीनं तुझं अक्षर. "मोजले. २८००. बरोबर. १९/५/२०१४."

भांडणानंतर पाचव्या दिवशी.

"तू उकललास?" मी विचारलं.

"तुझी चूक दाखवायला," तू म्हणालास. "एकेक वेढा उलटा काढला. चार दिवस लागले. दोनदा मोजले."

"आणि मग?"

"मग काय. बरोबर निघाले." तू भाकरीचा तुकडा मोडत राहिलास. "आधी दोन तारा उलट करून बघायच्या असतात. नवशिकासुद्धा तेच करतो. मी रागानं उकलायला बसलो. उकलल्यावर ट्रान्सफॉर्मरच उरला नाही. मग वाजवून बघणार काय, आणि तुला सांगणार काय?"

"अकरा वर्षं हे खिशात घेऊन फिरलास?"

तू जरा विचार केलास आणि म्हणालास, "पाकीट दोनदा बदललं."

दादा, मी इतकी वर्षं तुझ्या तोंडून एक वाक्य ऐकायला थांबले होते. मला वाटायचं, ते ऐकलं की मी जिंकेन. काल ऐकलं आणि जिंकल्यासारखं काहीच वाटलं नाही. एवढंच वाटलं की तू एकटा चार दिवस बसून माझे वेढे मोजत होतास, आणि बरोबर निघाल्यावर तुझ्याजवळ कुणी नव्हतं. मी दार उघडायला हवं होतं. निदान मैत्रीचे बाबा गेले, त्या दिवशी तरी.

तू कागद परत पाकिटात ठेवलास. मी मागितला तर म्हणालास, "माझा आहे." मी म्हटलं, अक्षर माझं आहे. तू म्हणालास, मोजणी माझी आहे. मैत्री म्हणाली, "ओ माय गॉड, आता यावरून नका सुरू होऊ." म्हणून सोडून दिलं.

आज सकाळी उठून बघते तर रेडिओवरच्या कापडाची घडी त्रिकोणी.

खाली तो कागद. तू कधी ठेवलास? मी चहा टाकायला गेले तेव्हाच. तुझी ती सवय काही जायची नाही, न विचारता हात लावायची. उलटा केला. पेन्सिलीच्या ओळीखाली निळ्या पेनानं एक नवी ओळ.

"वाजला. ९/११/२०२५."

फ्रिजवर लावणार नाही हा. जिथं असायला हवा तिथं ठेवलाय, नव्या ट्रान्सफॉर्मरच्या शेवटच्या कागदाखाली. आता कुणी उकलू नये म्हणजे झालं.

दुसरा आणि चौथा रविवार रद्द, प्रज्ञेशला कळवलंय. परवा बुधवार, जुना बाजार भरतो. साडेनऊला ये, दोघं जाऊ. कप मात्र धुऊन ठेवू नकोस. इतकी वर्षं मला तो पालथा कप बघवत नव्हता.

सप्रेम, सप्रेम,

तुझी ललिता
बिल्ला नं. ४७